पाण्याच्या माणसाने केलेली पखाळ

ओडिशातल्या आमच्या पट्टामुंडाईत डोळे मिटून दगड मारला तर तो प्लंबरला लागतो. इथल्या घराघरातला एक तरी पुरुष दिल्लीला नाहीतर सुरतेला पाइप जोडत असतो. बैधर जेनाही त्यातलाच. उमेदीची सगळी वर्षं त्याने परगावच्या उंच उंच इमारतींना पाणी चढवण्यात घालवली आणि आता साठी उलटल्यावर घरी येऊन बसलाय. बसलाय असं आपलं म्हणायचं. सकाळी उठल्यापासून तो साहीतल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, कुणाच्या ना कुणाच्या नळामागे लागलेला असतो.

पाणी हा त्याचा देव. ग्लास हातात घेतला की आधी उजेडाकडे धरून बघणार, मग वास घेणार, मग एक घोट. एकदा आमच्याकडे आला तेव्हा ग्लास तसाच खाली ठेवून मला विचारतो, "भाउज, टाकी कधी धुतली होती?"

"तुमच्या मुंजीला," मी म्हटलं.

"आमच्यात मुंज नसते, भाउज."

"मग समजा काय ते."

माझे यजमान त्याच्याहून मोठे, म्हणून मी त्याची भाउज. त्याची बायको सुकांती मात्र माझी मकर. मकरसंक्रांतीला आम्ही एकमेकींना नव्या तांदळाचा, गूळ-खोबऱ्याचा प्रसाद भरवला आणि जन्माच्या मैत्रिणी झालो. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'मकर' म्हणूनच हाक मारायची. इथे लिहिताना नाव घ्यावं लागतंय, त्याचं पाप माझ्या डोक्यावर. ती हे वाचेल तेव्हा मला दोन शब्द ऐकवेलच.

कारण ऐकवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. विशेषतः जेवणाच्या बाबतीत. सासूने पहिल्यांदा कौतुकाने डाळ-भाज्यांचा डालमा वाढला तेव्हा ही नवी नवरी घुंगटातून म्हणाली होती, "भोपळा कच्चा आहे." स्वतःच्या मुलीच्या लग्नात आचाऱ्याला भर मांडवात सांगून आली की तुझ्या रसगुल्ल्याने खिडकीची काच फुटेल. आणि माझी खीर! माझ्या खिरीला ती "दुधाचा अपमान" म्हणते, तेही दरवर्षी, तेही दोन वाट्या खाऊन. अन्नाच्या बाबतीत ती खोटं बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

अशा बाईचा नवरा चुलीच्या बाबतीत अगदीच औरंगजेब. दिल्लीत बारा प्लंबर एका खोलीत राहायचे आणि पाळीपाळीने रांधायचे. बैधरची पाळी एकदाच आली. त्याने केलेली डाळ म्हणे शेवटी एकाने गळका सांधा बुजवायला वापरली. हे मला त्याच्या मित्राने, पीतबासने सांगितलं, त्यामुळे निम्मं सोडून द्या. पण त्यानंतर सगळ्यांनी एकमताने ठरवलं, की बैधरने फक्त भांडी घासायची. ती त्याने जन्मभर अशी घासली की पातेल्यात बघून लोक दाढी करायचे.

तर गेल्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी लिली पोटुशी होती. बेंगळुरूला असते. पहिलटकरीण, पण डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून बजावलेलं, त्यामुळे माहेरी यायचा प्रश्नच नव्हता. जावई सोन्यासारखा, पण सकाळी कामावर गेला की संध्याकाळी येणार, आणि त्याला आई नाही. लिली रोज फोनवर विचारायची, "बोऊ, तू कधी येशील गं?" बोऊ म्हणजे आई. सुकांती "बघते" म्हणायची आणि फोन ठेवून नवऱ्याकडे बघत बसायची.

कारण मागे एकदा ती चार दिवस माहेरी गेली होती, तेव्हा हा गडी कुरमुरे आणि फिल्टरच्या पाण्यावर राहिला. चौथ्या दिवशी साहीच्या नळापाशी चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला, तर "व्हॉल्व्ह बंद करा, पाणी वाया जातंय."

"मकर, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे," सुकांती मला म्हणाली. "मी तिकडे मुलीचं बाळंतपण करू की इकडे याचे दिवस घालू?"

"त्याला विचार ना."

"विचारलं. 'जा की, मी काय धरून ठेवलंय?' म्हणतो. पण म्हणताना असा चेहरा करतो की पेटी काढवत नाही. आणि मला जायचंय गं मकर. मला इतकं जायचंय की स्वप्नात मी रोज त्या पोरीचे केस विंचरते."

हे सांगताना ती रडली नाही, पण विडा लावता लावता चुना जास्त लागला आणि तिची जीभ भाजली. तिचं लक्ष नव्हतं.

मग आला रजो. आमच्याकडे जूनच्या मध्यावर, मिथुन संक्रांत मध्ये धरून, हे तीन दिवस असे असतात की धरणीमाय विटाळशी बसते, आणि तिच्याबरोबर साऱ्या बायांनाही सुटी. नांगर धरायचा नाही, तसं आम्ही विळी, पाटा, चूल कशालाच हात लावायचा नाही. जमिनीवर अनवाणी पाऊलसुद्धा टाकायचं नाही. नवी साडी नेसायची, तोंडात पान, हातात पत्ते, आणि आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर दिवसभर झुलायचं. आदल्या दिवशी पोडपिठा, म्हणजे तांदूळ-गुळाचा जाड केक, भाजून ठेवतो, तो पुरवून पुरवून खायचा. बाकी पुरुषांनी काय ते बघावं.

त्या आदल्या दिवशी आम्ही सुपारी कातरत बसलो होतो, तेव्हा बैधर अंगणात येऊन उभा राहिला. खांद्यावर पंचा, छाती पुढे.

"भाउज, परवा संक्रांतीचं जेवण आमच्याकडे. मी करणार. एकटा."

पीतबास ओट्यावर बसला होता. त्याने विचारलं, "दवाखान्यात सांगून ठेवू का?"

"तू गप. लिलीबोऊ, ऐक. तुम्हा सगळ्यांना मी माझ्या हातची पखाळ वाढतो. जमली, तर तू बेंगळुरूला जायचं. माझी काळजी करायची नाही."

"आणि नाही जमली तर?" सुकांतीने विचारलं. सुपारी तिच्या हातात तशीच राहिली होती.

"मग तूच ठरव," असं म्हणून तो वांगी आणायला गेला.

बोलून चालून पखाळच ती. उन्हाळ्यात आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. भात शिजवायचा, थंड करून पाण्यात बुडवून रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी मीठ घालून खायचा. सोबत भाजलेलं वांगं, कुस्करलेला बटाटा, सांडग्यांचा लसणीचा चुरा, तळलेला मासा, जे असेल ते. पोट थंड, डोकं थंड. मी म्हटलं, एवढं तर त्याला जमेल. माणसाने एवढं आशावादी असू नये.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही झोक्यावर असताना आतून हाक आली. "लिलीबोऊ! तांदूळ किती घेऊ?"

"मी रजोत आहे!" सुकांती ओरडली.

"बरं, पाणी किती?"

"पाण्यातलं तुम्हालाच कळतं, लिलीबापा!"

झोक्यावरच्या सगळ्या बाया खदाखदा हसल्या. ती पण हसली, पण झोका मागे जाताना तिने माझं मनगट घट्ट धरलं.

संक्रांतीच्या दिवशी सकाळपासून तर त्या स्वयंपाकघरात लढाई चालली होती. आमचा झोका त्यांच्याच अंगणात, त्यामुळे सगळं कानावर येत होतं. भांडं पडलं. मग दुसरं पडलं. मग मोहरीच्या तेलाचा धूर खिडकीतून बाहेर आला आणि त्यामागून खोकला आला. मोरीतून पांढरट पाण्याचा एक लोट वाहत गेला. मला वाटलं, पेज असेल. थोड्या वेळाने आत 'फट्' असा आवाज झाला आणि बैधर दारात आला. त्याच्या डाव्या भुवईवर वांगं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. प्रेशर वाढलं."

"वांग्याला भाजायच्या आधी टोचतात हो, बैधरभाई!"

"आता कळलं, भाउज. व्हॉल्व्ह ठेवायला पाहिजे होता."

तो आत गेला. मी एवढी हसले की तोंडातलं पान नव्या साडीवर सांडलं, आणि शेजारची बाई झोक्यावरून घसरून थेट खाली बसली. रजोत जमिनीला अंग लावलं म्हणून तिला सगळ्यांनी शिव्या घातल्या. नुसता गोंधळ. आतून अजून एक 'फट्' झालं. दुसरं वांगंही गेलं.

सुकांती मात्र झोका थांबवून उतरायला लागली. मी तिचा पदर धरला.

"बस खाली. आज चुलीकडे बघायचंसुद्धा नाही."

"मकर, तो कढई जाळतोय."

"जळू दे. नवी घेऊ."

"कढईचं नाही गं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नाही जमलं तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? लिली वाट बघतेय."

मी झोक्याला जोरात पाय मारला.

दुपारी पानं मांडली. पानं म्हणजे काशाच्या खोलगट वाट्या, अशा घासलेल्या की डोळे दिपावेत. प्रत्येकीपुढे एकेक. आणि खरं सांगते, दिसायला असं देखणं जेवण मी लग्नातसुद्धा पाहिलं नाही. पांढराशुभ्र भात, वर बर्फाचे खडे, लिंबाचं पान, कढीपत्ता. बाजूला उरलेल्या वांग्यांचं भरीत, बटाटा, जरा जास्तच काळा झालेला सांडग्यांचा चुरा. मासे मात्र झकास लाल झाले होते, कारण "मी नुसता झारा धरून उभा होतो" म्हणत ते पीतबासने तळले होते. बैधर घामाने निथळत, हात जोडून उभा.

मी पहिला घास घेतला आणि सकाळी मोरीतून काय वाहून गेलं ते मला कळलं.

पखाळीचा जीव असतो तिच्या पाण्यात. रात्रभर भात बुडून राहतो, पाणी गढूळ होतं, फसफसतं, आंबट होतं. ती तोराणी. तीच प्यायची, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. या पाण्याच्या माणसाने सकाळी झाकण उघडलं, गढूळ पाणी बघितलं, नाक मुरडलं असणार आणि सगळं मोरीत ओतलं. वर भात चार पाण्यांनी खळखळून धुतला आणि त्यात फिल्टरचं स्वच्छ पाणी घातलं. लोणी फेकून ताकाचं भांडं चाटायला द्यावं, तसा प्रकार. तोंडात नुसता गार, ओला, निर्मळ भात. ना चव, ना वास. नळ उघडून खाली तोंड धरलं असतं तर तेवढीच मजा आली असती.

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या बायांचे घास गालातच थांबलेले. पीतबास छताकडे बघत होता. आणि मग आम्ही सगळ्यांनी सुकांतीकडे पाहिलं. आता ही काय बोलणार, हे सगळ्या साहीला ठाऊक होतं.

सुकांतीने घास चावला. गिळला. वाटी तोंडाला लावून ते पाणी घटाघट प्याली. वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आहाहा!"

मला वाटलं, उन्हाचा तडाखा बसला हिला.

"कशी झालीये?" बैधरने विचारलं. त्याचा आवाज अगदी परीक्षेच्या पोरासारखा.

"अशी पखाळ माझ्या सासूबाईंनीसुद्धा केली नव्हती. वाढा अजून."

"खरं?"

"मी अन्नाचं कधी खोटं बोलले आहे का? मकर, सांग गं." आणि मांडीखालून तिने मला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, भाउजच्या डोळ्यांत पाणी आलं!" बैधर हरखला.

"अमृत आहे, बैधरभाई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चिमटा अजून सुटला नव्हता.

मग काय, एक बोलली की सगळ्या बोलल्या. कुणी म्हणे भात कसा मोकळा, कुणी म्हणे पाणी कसं स्वच्छ. पीतबास म्हणाला, "या पखाळीत तळ दिसतो रे!" हे तरी खरं होतं. सुकांतीने दुसरी वाटी घेतली, मग तिसरी. जळका चुरा बोटाने चाटूनपुसून खाल्ला. मी तिच्याकडे बघत होते. जिने सासूलाही सोडलं नाही, ती हे पाणचट खाऊन वाखाणत होती. तिला किती जायचं होतं, ते मला तेव्हा खरं कळलं.

पण बैधरचं एवढ्यावर समाधान होईना. पखाळीची खरी परीक्षा जिभेवर नसते, डोळ्यांवर असते. खरी पखाळ पोटात गेली की माणूस जागच्या जागी पेंगतो. हे तोही जाणून होता. वाट्या उचलता उचलता त्याने विचारलं, "काय, झोप येतेय का कुणाला?"

आम्ही सगळ्या टक्क जाग्या होतो. बर्फाच्या पाण्याने उलट अंगात हुशारी आली होती, पत्त्यांचा डाव मांडावा अशी. पण सुकांतीने लगेच मोठी जांभई दिली. "बाई गं, डोळेच उघडत नाहीत," म्हणत तिने चटई ओढली आणि आडवी झाली. मी तिच्या बाजूला. मग एकेक करून सगळ्या बाया ओसरीभर पसरल्या. पीतबास तर बसल्या बसल्या खांबाला टेकून घोरायला लागला, आणि त्याचं घोरणं इतकं भारी होतं की शेजारचीला हसू आवरेना. ती पदर तोंडात कोंबून गदगद हलत होती. मी तिला लाथ घातली. तिने पुढचीला घातली. भर दुपारी दहा-बारा माणसं डोळे मिटून पडलेली आणि एकालाही झोप नाही.

आणि सुकांती घोरायला लागली. "घुर्रर्र, फूऽऽ." माझी मकर उभ्या जन्मात घोरलेली नाही. हे मला माहीत, तर नवऱ्याला माहीत नसेल?

मी एक डोळा किलकिला केला. बैधर समाधानाने सगळीकडे बघत होता. सुकांतीपाशी येऊन त्याची नजर जरा थांबली. मग तो आत जाऊन स्वतःची वाटी भरून घेऊन आला. रांधणाऱ्याने शेवटी खायचं असतं ना. उंबऱ्यावर बसला आणि पहिला घास घेतला.

चावणं थांबलं. त्याने वाटीत पाहिलं. सवयीने ती उजेडाकडे धरली. पाणी आरशासारखं होतं. मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा एक घास घेतला. मग मान वळवून बराच वेळ मोरीकडे बघत राहिला. तिथून त्याची नजर सुकांतीच्या उशापाशी गेली. तिथे तिची वाटी होती, तीन वेळा भरलेली, शेवटचं शीतसुद्धा न उरलेली.

मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याचे कान लाल झाले. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाज न करता, पंचा तोंडावर दाबून. हसता हसता त्याने तो पंचा डोळ्यांवर नेला आणि तिथेच धरून ठेवला. बराच वेळ.

नंतर त्याने वाटी संपवली. सगळी. हात धुतले, येऊन तिच्या चटईशेजारी नुसत्या जमिनीवर आडवा झाला आणि डोळे मिटले.

"लिलीबोऊ," तो म्हणाला.

"घुर्रर्र."

"उद्या तिकीट काढतो. तुझं."

घोरणं थांबलं. ओसरीवरची बाकीची घोरणीही थांबली, पीतबासचंसुद्धा.

"कितीचं... कधीचं परत यायचं?" सुकांतीने झोपेतच विचारलं.

"परतीचं काढत नाही. बाळ हसायला लागलं की कळव, मग काढू."

बाहेर रिकामा झोका वाऱ्याने करकरत होता. मी डोळा मिटून घेतला, कारण आता उघडा ठेवण्यात अर्थ नव्हता, सगळंच धूसर दिसत होतं.

"लिलीबापा," सुकांतीचा आवाज आला. "रात्रीचं पाणी ओतायचं नसतं. ते आंबटच असतं."

"बरं."

"गढूळ दिसलं तरी ओतायचं नाही."

"नाही ओतणार. अजून सांग," बैधर म्हणाला. "झोपेतच सांग. जागेपणी सांगायला लागलीस तर मी तुला जाऊ देणार नाही."

ती भात किती शिजवायचा ते सांगू लागली. मग मीठ कधी घालायचं, सांडगे कुठल्या डब्यात ठेवलेत, तेल कुठल्या दुकानातून आणायचं. सांगता सांगता तिचा आवाज फुटत होता, ती थांबत होती, पुन्हा सांगत होती. आणि तो प्रत्येक गोष्टीला, डोळे न उघडता, "बरं" म्हणत होता.